ग्रंथनिवड समित्यांना खुलं पत्र: मोठ्यांसाठीची फँटसी मोठ्यांच्या कपाटात ठेवा

सांगली, कोल्हापूर, सातारा भागातल्या सार्वजनिक वाचनालयांच्या ग्रंथनिवड समितीतल्या सगळ्या सर-मॅडमना,

नमस्कार.

पत्र लांबणार आहे म्हणून मागणी आधीच सांगून टाकते. मोठ्या वाचकांसाठी लिहिलेल्या चांगल्या फँटसी कादंबऱ्या या वर्षीच्या खरेदीत घ्या, मालिका असेल तर सगळे भाग घ्या, आणि त्या कादंबरीच्या कपाटात ठेवा, बालविभागात नको. पुढे जे लिहिलंय ते का मागतेय हे सांगण्यासाठी, कारण नुसती पुस्तकांची नावं लिहून दिली तर त्या नावांमागे काय आहे हे मीटिंगमध्ये कुणाला कळणार नाही.

गेल्या वर्षभरात मी बऱ्याच फँटसी कादंबऱ्या वाचल्या, काही विकत घेऊन, काही भाचीकडून आणून. आधी वाचनालयात विचारलं होतं तर काउंटरवरून मला प्रेमाने बालविभागाकडे पाठवलं, गोष्टीत ड्रॅगन आहे, जादूगार आहे, म्हणजे मुलांचं पुस्तक असणार असं गृहीत धरून. त्यात कुणाचा दोष आहे असं मला म्हणायचं नाही, आपल्याकडे सगळेच असं धरून चालतात. पण मी जे वाचलं त्यात म्हातारपण होतं, विधवा बाईच्या घराचा हक्क होता, मेलेल्या मुलाशेजारी बसून राहिलेली आई होती, आणि हे सगळं इतकं खरं होतं की कितीतरी सामाजिक कादंबऱ्यांत मला एवढं खरं सापडलेलं नाही.

सुरुवात केली अमेरिकन लेखिका उर्सुला ले ग्विन यांच्या 'अर्थसी' या मालिकेपासून. पहिला भाग, 'अ विझर्ड ऑफ अर्थसी', १९६८ चा. शेकडो बेटांचं जग आहे, मधे समुद्रच समुद्र, आणि गॉन्ट नावाच्या डोंगराळ बेटावरचा एक शेळ्या राखणारा पोरगा जादू शिकतो. हा पहिला भाग मुलांसाठी म्हणूनच लिहिला होता हे खरं आहे, ते मी लपवत नाही. पण त्यातली जादू कांडी फिरवून होत नाही, ती नावांवर चालते. प्रत्येक वस्तूला, प्राण्याला, माणसाला एक खरं नाव असतं आणि ते ज्याला कळलं त्याच्या हातात तुमचा जीव, म्हणून लोक वापरायला दुसरंच नाव घेतात आणि खरं नाव फक्त अगदी विश्वासाच्या माणसाला सांगतात. मुलगा तेरा वर्षांचा झाला की त्याला नदीच्या गार पाण्यातून चालत पलीकडे जायचं असतं आणि काठावर त्याचा गुरू कानात त्याचं खरं नाव सांगतो, गेड. आता हे वाचताना मला आमच्या घरातली बारशी आठवली, आत्या वाकून बाळाच्या कानात नाव सांगते ती. आणि माझ्या आजीने आयुष्यभर आजोबांचं नाव घेतलं नाही, घ्यायचं झालं तर उखाण्यातून. नावात काहीतरी ताकद असते आणि ते जपून वापरायचं असतं हे आपल्या घरांमध्ये मुरलेलं आहे, त्यामुळे कॅलिफोर्नियात जन्मलेल्या बाईने रचलेलं जग मला परकं वाटलंच नाही. गेड आणि त्याच्या जगातली बहुतेक माणसं सावळी, तांबूस-काळी आहेत हे तर मला आधी माहीतच नव्हतं, ले ग्विन यांनी ते ठरवून केलं होतं आणि नंतर टीव्हीवाल्यांनी २००४ साली गेडला गोरा करून टाकला तेव्हा त्यांनी जाहीरपणे नाराजी लिहिली.

गेड गर्वापायी, दुसऱ्या पोराने डिवचलं म्हणून, मेलेल्यांच्या जगातून एक आत्मा बोलवायला जातो आणि त्या फटीतून एक सावली बाहेर पडते जी नंतर सगळं पुस्तकभर त्याच्या मागे लागते. ती सावली कोण हे मी सांगत नाही. पण लढाई नाही, सैन्य नाही, कुणी दुष्ट राजा नाही, एक तरुण माणूस आणि त्याने स्वतः केलेली एक गोष्ट, एवढ्यावर पूर्ण कादंबरी उभी आहे आणि दोनशे पानांच्या आसपास संपते सुद्धा.

दुसरा भाग 'द टूम्ब्स ऑफ अटुआन', १९७१. इथे मात्र मला पुस्तक खाली ठेवावं लागलं मधेच. एका लहान मुलीला, टेनार तिचं नाव, पाच वर्षांची असताना आईबापांकडून घेऊन जातात कारण जुनी पुजारीण मेली त्याच रात्री ही जन्मली, म्हणून हीच ती पुन्हा आलेली. तिचं नाव काढून घेतात. तिला अंधारातल्या, नाव नसलेल्या देवांना वाहतात आणि सांगतात की तू आता खाल्ली गेलीस, तुझं स्वतःचं काही उरलं नाही. सगळे तिला मान देतात, तिच्यापुढे वाकतात, आणि तिला बाहेर जायची मुभा नाही. तुम्ही आपल्या भागातले आहात, तुम्हाला सांगायला नको. यल्लम्माला सोडलेल्या मुली, खंडोबाला वाहिलेल्या मुरळ्या, आपल्या सीमाभागातल्या किती गावांत हे झालं. मुंबई इलाख्यात १९३४ सालीच याविरुद्ध कायदा झाला होता आणि त्यानंतरही किती दशकं ते चालू राहिलं. या विषयावर मराठीत लिहिलं गेलंय आणि चांगलं लिहिलं गेलंय, पण ते बहुतेक बाहेरून बघितलेलं आहे, अन्याय म्हणून. ले ग्विन यांनी ते आतून लिहिलंय, म्हणजे त्या मुलीला तिचा अंधार आवडतो, भुयारातली प्रत्येक वळणं हाताने चाचपून पाठ झालेली आहेत, तिथे ती मालकीण आहे, आणि म्हणून बाहेर पडणं किती अवघड आहे ते कळतं. सुटल्यावर ती आनंदाने नाचत नाही, ती रडते, वाया गेलेल्या वर्षांसाठी. मोकळं होणं जड असतं हे मी पहिल्यांदा एका फँटसीत इतकं स्पष्ट वाचलं.

तिसऱ्या भागाबद्दल थोडक्यात, तो मृत्यूबद्दल आहे, चांगला आहे, शेवटाकडे गेड आपली सगळी जादू खर्च करून बसतो आणि रिकामा होतो. १९७२ चं पुस्तक. त्यानंतर ले ग्विन तब्बल अठरा वर्षं या कथेकडे परत आल्या नाहीत, आणि १९९० साली आला चौथा भाग, 'तेहानू', ज्याच्यासाठी खरं म्हणजे मी हे पत्र लिहितेय.

तेहानूमध्ये ती टेनार आता मध्यमवयीन बाई आहे. तिने शेतकऱ्याशी लग्न केलं, दोन मुलं झाली, मुलगी सासरी, मुलगा समुद्रावर, नवरा वारला. शेतावर एकटी राहते. तिला एक पोर सापडते, घरच्याच पुरुषांनी अत्याचार करून, मारून, आगीत टाकलेली. अर्धा चेहरा जळलाय, एक डोळा गेलाय, एक हात आखडलाय. टेनार तिला सांभाळते. आणि जगातला सगळ्यात मोठा जादूगार गेड तिच्या दारात येतो तो जादू संपलेला, खचलेला, लाज वाटणारा पुरुष म्हणून, आणि मग शेळ्या राखायला जातो. एवढीच गोष्ट आहे हो. पुस्तकभर बायका भांडी घासतायत, दही लावतायत, शेजारणीशी बोलतायत, जळलेल्या पोरीसाठी लाल कापडाचा झगा शिवतायत, आणि गावातल्या पुरुषांची भीती मनात घेऊन रात्री दाराला कडी लावतायत. एका रात्री घरावर माणसं चालून येतात तेव्हा गेड त्यांना अडवतो ते जादूने नाही, गवताच्या काट्याने, शेतातल्या.

एक प्रसंग तर मी दोनदा वाचला. टेनारचा मुलगा समुद्रावरून परत येतो, कित्येक वर्षांनी, जेवतो, ताट तिथेच टाकतो, आई म्हणते उचल की, तर हे बायकांचं काम म्हणतो. आणि तिथल्या रिवाजाप्रमाणे शेत त्याचं. तिने वीस वर्षं राबून चालवलेलं शेत, पण मालक तो, ती राहू शकते एवढंच. सातबाऱ्यावर नाव नसलेल्या आपल्याकडच्या प्रत्येक बाईला हे पान वाचायला द्यायला पाहिजे. ड्रॅगनची कादंबरी आहे ही! ड्रॅगन आहेतच, कॅलेसिन नावाचा फार भारी ड्रॅगन आहे, सुरुवातीला गेडला पाठीवर घेऊन येतो आणि शेवटी परत येतो, पण त्या दोन्हीच्या मधे जे आहे ते बाईच्या आयुष्याबद्दल आहे. विज्ञानकथा आणि फँटसीसाठी दिलं जाणारं नेब्युला पारितोषिक त्या वर्षी या पुस्तकाला मिळालं. अनेक जुने वाचक नाराज झाले असंही म्हणतात, त्यांना त्यांचा पराक्रमी जादूगार परत पाहिजे होता. मला नाही पाहिजे. मला शेळ्या राखणारा गेडच जास्त कळतो.

माझी आई सत्तरीच्या पुढची आहे. तिने जी. ए. कुलकर्णी वाचलेत, भयकथा लिहिणारे नारायण धारप वाचलेत, गौरी देशपांडे वाचल्यात, पण इंग्रजी कादंबरी वाचायची सवय नाही. मी तिला तेहानू रोज संध्याकाळी थोडी थोडी सांगत गेले, वाचून नाही, आपल्या शब्दांत. ती मधेच विचारायची त्या पोरीचा हात बरा होतो का, गावातली ती म्हातारी चेटकीण खरी चांगली आहे ना, त्या बाईने मुलाला घरातून काढलं का नाही. असे प्रश्न तिने टीव्हीवरच्या मालिकांबद्दल कधी विचारले नाहीत. मी सांगितलं ते अर्धं-मुर्धंच, कारण ले ग्विन यांची वाक्यं साधी असतात पण त्यांची लय मला सांगताना येत नाही, ते एखाद्या चांगल्या अनुवादकाचं काम आहे. ही एक सत्तरीची वाचक तुमची सभासद आहे, तिच्यासारख्या अजून किती असतील.

आता एन. के. जेमिसिन यांच्याबद्दल. 'द फिफ्थ सीझन', २०१५. हा तीन भागांच्या मालिकेतला पहिला, आणि तिन्ही भागांना लागोपाठ तीन वर्षं, २०१६, १७, १८, ह्यूगो हे विज्ञानकथा-फँटसीचं मोठं पारितोषिक मिळालं, असं आधी कुणाच्याच बाबतीत झालं नव्हतं. हे वाचायला सोपं नाही हे आधीच सांगते. काही प्रकरणं 'तू' करून लिहिलीयेत, तू उठतेस, तू चालतेस, आणि पहिली काही पानं ते खुपतं, शब्द पण नवे, मागे अख्खी शब्दार्थांची यादी जोडलेली. पण धीर धरा. एक मोठा खंड आहे जिथे जमीन सारखी हलते, दर काही शतकांनी असा भूकंप किंवा ज्वालामुखी होतो की आकाश राखेने भरतं आणि वर्षानुवर्षं पीक येत नाही. प्रत्येक गावाचं धान्याचं कोठार, कोठाराचे नियम, आणीबाणीत कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला बाहेर ठेवायचं याचे दगडात कोरलेले कायदे. आणि काही माणसं जन्मतःच जमिनीची हालचाल थोपवू शकतात. त्यांच्यामुळेच सगळे जगतात आणि त्यांनाच सगळे घाबरतात, शिव्या देतात, मारतात, लहानपणीच उचलून एका संस्थेत नेऊन माणसाळवतात.

आपल्याला जमीन हलणं माहीत आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप माझ्या आईने कराडला असताना अनुभवला, त्यानंतर लोक कित्येक रात्री थंडीत अंगणात झोपले. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारी झालं ते गणपती विसर्जनाच्या रात्री, लोक दमून झोपलेले असताना. आजही कोयनेच्या खोऱ्यात भांडी वाजली की माणसं थांबून एकमेकांकडे बघतात. म्हणून या कादंबरीतला प्रत्येक हादरा मला अंगावर आला. पण खरा हादरा दुसरा आहे. जमीन शांत ठेवायला जागोजागी ठाणी आहेत, तिथे त्या शक्तीचा एकेक माणूस नेमलेला असतो असं सगळे समजतात, आणि अर्ध्या पुस्तकात कळतं की तिथे खरं कोण असतं आणि त्याला कसं ठेवलेलं असतं. मी ते इथे लिहिणार नाही. ते वाचल्यावर मी गटारात उतरणाऱ्या माणसांचा विचार करत बसले, ज्यांच्यावर सगळं शहर उभं असतं आणि ज्यांच्याकडे बघायचं नाही असं शहराने ठरवलेलं असतं. जेमिसिन या अमेरिकेतल्या काळ्या लेखिका आहेत, त्यांनी गुलामीबद्दल लिहिलंय, जातीबद्दल नाही, पण आपल्या वाचकाला जात दिसल्याशिवाय राहणार नाही. आणि सुरुवातच अशी की एक आई घरी येते आणि लहानग्या मुलाला बापानेच मारून टाकलेलं असतं, कारण त्या मुलात ती शक्ती आहे हे त्याला कळलं. आई त्याच्यावर पांघरूण घालते, चेहरा मात्र उघडा ठेवते. हे बालविभागात ठेवायचं पुस्तक नाही हो. नुसतं गैरसोयीचं म्हणून नाही, ते लहान पोराच्या हाती पडणं चूक आहे. कपाट बदलण्याचं हे पण एक कारण धरा.

सुझॅना क्लार्क यांची 'पिरानेसी' त्यामानाने छोटी, २०२० ची, तिला पुढच्या वर्षी विमेन्स प्राइझ मिळालं, म्हणजे फँटसी म्हणून वेगळ्या खिडकीतून दिलेलं बक्षीस नव्हे, बायकांनी लिहिलेल्या सगळ्या प्रकारच्या कादंबऱ्यांमधून. एक माणूस अंत नसलेल्या घरात राहतो. दालनांमागून दालनं, सगळीकडे संगमरवरी पुतळे, खालच्या मजल्यावर समुद्र, वरच्या मजल्यावर ढग. तो भरतीच्या वेळांचा हिशेब वहीत ठेवतो, मासे आणि शेवाळ खाऊन राहतो, घरात सापडलेल्या तेरा सांगाड्यांची काळजी घेतो, त्यांना खायला-प्यायला नेऊन ठेवतो, फुलं वाहतो. वर्षांना आकडे नाहीत, अल्बट्रॉस पक्षी आला ते वर्ष, असं. आपणही २०१९ च्या ऑगस्टला महापुराचं साल म्हणतो आणि आयर्विन पुलाजवळचं पाणी किती फुटांवर आहे याचे आकडे तासातासाला एकमेकांना पाठवतो, त्यामुळे कुठल्या लाटा कधी एकत्र येणार याचं गणित मांडणारा माणूस मला लगेच जवळचा वाटला. पण या पुस्तकाचं मोठेपण यात आहे की तो माणूस चांगला आहे. फसवला गेलाय, एकटा आहे, स्वतःचं नाव विसरलाय, आणि तरी चांगला आहे, कृतज्ञ आहे. चांगुलपणाबद्दल लिहिणं फार अवघड, लगेच गोड गोड होतं. क्लार्क यांचं होत नाही. त्यांची आधीची कादंबरी २००४ ची, मधली बरीच वर्षं त्या आजारी होत्या, घराबाहेर पडणं कठीण होतं, हे नंतर वाचलं आणि मग ते अंत नसलेलं घर पुन्हा वेगळं दिसलं. ज्यांच्या घरात कुणी दीर्घ आजारी आहे त्यांनी हे वाचावं.

रॉबिन हॉब यांची 'असॅसिन्स अप्रेंटिस', १९९५, ही राजवाड्यातली गोष्ट आहे, राजपुत्राचा अनौरस मुलगा तबेल्यात वाढतो. मला यातला जो माणूस विसरता येत नाही तो राजा नाही आणि नायकही नाही, बरिच म्हणून तबेला सांभाळणारा आहे, पोराला वाढवणारा, प्रेम करणारा आणि ते कधीच न बोलणारा. आणि समुद्रावरून येणारे हल्लेखोर गावकऱ्यांना पळवून नेतात आणि परत सोडतात तेव्हा त्यांच्यातली माया काढून घेतलेली असते, आईला मूल ओळखू येतं पण मुलाचं काही वाटत नाही. यापेक्षा भयानक गोष्ट मी धारपांमध्येही वाचलेली नाही. या जगातल्या हॉब यांच्या एकूण सोळा कादंबऱ्या आहेत. सोळा घ्या म्हणत नाही, पहिल्या तीन घ्या, पण तीन म्हणजे तीन. पहिला आणि तिसरा असतो आणि दुसरा नसतो, हे वाचनालयात फार होतं आणि तिथे वाचक कायमचा तुटतो.

आपल्या शेजारच्या श्रीलंकेतल्या वज्र चंद्रसेकेरा यांची 'द सेंट ऑफ ब्राइट डोअर्स' ही २०२३ ची, हिलाही नेब्युला मिळालं. एका मुलाला आई जन्मल्यापासून तयार करते ते बापाला मारायला, आणि बाप म्हणजे मोठा संत, हजारो भक्त असलेला. बुद्ध घर सोडून गेला आणि मागे राहुल राहिला, त्या मुलाच्या बाजूने उभं राहून लिहिलेलं आहे हे उघड आहे, तसंच तिथल्या धर्माच्या नावाने झालेल्या हिंसेबद्दलही. शेवट मला थोडा विस्कटलेला वाटला. पण आपल्या उपखंडातल्या शहराची गर्दी, सरकारी कागद, दंगलीची चाहूल, निर्वासितांच्या छावण्या, हे सगळं फँटसीत असं येऊ शकतं हे बघून फार बरं वाटलं.

आवडलं नाही ते पण सांगते, म्हणजे मी सगळंच उचलून धरतेय असं वाटायला नको. हल्ली ज्याचा फार गवगवा आहे तसली ड्रॅगनवर बसणाऱ्या कॉलेजवयीन मुलामुलींची एक जाडजूड कादंबरी मी अर्ध्यात सोडली. सगळ्या अडचणी नायिकेच्या भोवती फिरतात, युद्ध आहे पण मरणाऱ्याचं कुणाला वाटत नाही. आणि भविष्यवाणीत सांगितलेला तो एकटाच वाचवणार, या साच्यातली पुस्तकं खूप आहेत, ती तरुण वाचकांना पाहिजे असतील तर त्यांनी मागावीत, माझा विरोध नाही. पण पैसे कमी असतील तर आधी वर लिहिलेली घ्या.

हे आपल्या मातीतलं नाही असं कुणी म्हणालं तर माझं उत्तर ऐकून घ्या. आपल्या मातीतलं म्हणजे काय? पैठणला, तेव्हाच्या प्रतिष्ठानला, सातवाहन राजाच्या दरबारातल्या गुणाढ्याने बृहत्कथा लिहिली, कथासरित्सागराच्या पहिल्याच भागात ही हकीकत आहे. पैजेत हरल्यामुळे त्याने संस्कृत, प्राकृत आणि लोकभाषा तिन्ही सोडल्या होत्या, म्हणून पैशाची भाषेत लिहिली, सात लाख श्लोक, तेही स्वतःच्या रक्ताने, शाई मिळाली नाही म्हणून. राजाने ती भाषा पिशाचांची म्हणून नाकारली. मग गुणाढ्य डोंगरावर अग्नी पेटवून बसला, एकेक पान जनावरांना वाचून दाखवायचा आणि जाळायचा, आणि हरणं, डुकरं चरायची सोडून डोळ्यांत पाणी आणून ऐकत राहिली. राजाला कळून तो धावत येईपर्यंत सहा लाख श्लोक गेले होते, एक लाख उरले. विद्याधर, यक्ष, वेताळ, उडणारी नगरं, हे सगळं त्या उरलेल्या भागातून आलंय. चांदोबातल्या विक्रम-वेताळाचं मूळही कथासरित्सागरात सापडतं. म्हणजे अद्भुत कथेचं माहेर आपल्याच गोदावरीकाठी आहे, आणि ती नाकारल्याची गोष्टही आपलीच आहे.

नंतरचंही बघा. मराठीतल्या अगदी सुरुवातीच्या कादंबऱ्यांमध्ये १८६१ ची 'मुक्तामाला' आहे, हळब्यांची, तिला आणि तिच्यासारख्यांना समीक्षक अद्भुतरम्य म्हणतात आणि पुढे जातात. त्याच सुमाराला कृष्णशास्त्री चिपळूणकर अरबी गोष्टी मराठीत आणत होते. गौरी देशपांडे यांनी तर रिचर्ड बर्टनने इंग्रजीत आणलेल्या अरेबियन नाइट्सचे सोळा खंड मराठीत आणले, मोठ्यांसाठी, काटछाट न करता. जी. एं.च्या १९७५ च्या 'रमलखुणा'मध्ये दोनच दीर्घकथा आहेत, 'प्रवासी' आणि 'इस्किलार', दोन्ही नकाशावर नसलेल्या मुलखात घडतात. इस्किलार ही फँटसी नाही तर काय आहे? पण जी. ए. आहेत म्हणून ते साहित्याच्या कपाटात आहे, योग्य जागी आहे, कुणी त्याला मुलांचं म्हणत नाही. मला तेच कपाट ले ग्विनसाठी पाहिजे. टोल्किनचा 'स्वामी मुद्रिकांचा' मुग्धा कर्णिक यांनी मराठीत आणलाय, तो तुमच्याकडे आहे का बघा, असला तर कुठल्या विभागात आहे तेही बघा.

मागणी नाही असं तुम्ही म्हणाल, आणि ते मला समजतं, कारण अनुदान किती आणि कधी येतं, २०१९ च्या पुरात भिजलेली पुस्तकं परत उभी करताना काय झालं, हे सभासद म्हणून बघितलंय. पण जे पुस्तक कपाटात नाही त्याची मागणी रजिस्टरमध्ये कशी येणार? आमच्या भागातली कॉलेजची मुलं ही पुस्तकं मोबाईलवर वाचतायत, पायरेटेड पीडीएफ एकमेकांना पाठवतायत, त्यांना वाचनालयाची पायरी चढायला कारण द्या. एकदा आली की इस्किलारपर्यंत त्यांना न्यायला मी स्वतः बसेन.

तर प्रत्यक्षात काय करता येईल ते लिहिते. सगळं अर्थसी एकाच चित्रमय खंडात मिळतं, २०१८ साली आलंय, सहाही पुस्तकं आणि सुट्या कथा त्यात आहेत, सुटे भाग हरवण्याचा प्रश्न नाही. महाग आहे, पण कायम टिकणारी खरेदी आहे. पिरानेसी एकटं पुस्तक आहे, जेमिसिन तीन, हॉब तीन, चंद्रसेकेरा एक. इंग्रजी पेपरबॅक साधारण चार-पाचशेला पडते, एका वाचनालयाला सगळं झेपलं नाही तर शेजारच्या दोन-तीन वाचनालयांनी वाटून घ्यावं आणि सभासदांना एकमेकांकडून मिळावं.

आणि दुसरं, मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते. मराठी पुस्तकाची आवृत्ती हजाराची, आता कित्येकदा पाचशेचीच निघते, आणि त्यातला मोठा वाटा वाचनालयं घेतात. म्हणजे तुम्ही मिळून प्रकाशकांना लिहिलंत की तेहानूसकट अर्थसी मराठीत आणा, आमच्या एवढ्या वाचनालयांच्या प्रती पक्क्या धरा, तर प्रकाशक ते पत्र बाजूला टाकू शकणार नाही. माझ्यासारख्या एका वाचकाच्या पत्राने ते होणार नाही, तुमच्या होईल. अनुवाद नीट करणाऱ्याला नीट मानधन मिळावं हे पण त्याच पत्रात लिहा.

१५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन असतो, तेव्हा तुम्ही कार्यक्रम ठेवताच. या वेळी एक तास मला द्या. मी तेहानूतला तो ताटाचा प्रसंग आणि गेडच्या नावाचा प्रसंग मराठीत तयार करून आणते आणि वाचून दाखवते, आई पण येणार म्हणतेय. माझ्याकडच्या अर्थसीच्या प्रती मी वाचनालयाला द्यायला तयार आहे, खरेदी होईपर्यंत त्या फिरू देत. दाखल नोंद करताना विभागाच्या रकान्यात 'कादंबरी' लिहा.

आपली,
एक जुनी सभासद, सांगली